माशावरचे ठिपके गेले, आजार गेला का?

मुंबई-पुण्याहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मराठवाड्यात काय काय येते, याची यादी मोठी आहे. त्यात एखादा थर्माकोलचा खोका असतो आणि खोक्यात ऑक्सिजन भरून रबर लावलेल्या पिशव्या. पिशवीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटा मासा. त्याचे नाव क्लाऊनफिश. पण २००३च्या चित्रपटानंतर त्याला दुकानदारापासून पोरांपर्यंत सगळे ‘निमो’च म्हणतात. बीड, परळी किंवा अंबाजोगाईत कुणी हौसेने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी लावली, तर तिच्यातले मासे असेच रात्रभर प्रवास करून येतात. मुंबई ते बीड रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर.

पुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच घडते. आठ-दहा दिवसांनी माशाच्या अंगावर आणि परांवर बारीक पांढरे ठिपके दिसतात, जणू कुणी रवा भुरभुरला आहे. मासा दगडाला अंग घासतो. मालक दुकानदाराला फोन करतो, दुकानदार एक बाटली सांगतो, बाटलीतले थेंब टाकीत पडतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे होतात. औषध लागू पडले म्हणून सगळे खूश. मग दोनेक आठवड्यांत ठिपके परत येतात, आधीच्या दहापट, आणि टाकी रिकामी होते. ‘बरा झाला होता हो, मग कशाने मेला?’ हा प्रश्न त्यानंतरचा.

तो बरा झालाच नव्हता. ठिपके औषधाने गेले नव्हते, ते आपल्या वेळेला गेले होते. एवढे एक कळले, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

ठिपका म्हणजे काय?

या परजीवीचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा एकपेशीय जीव आहे, अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयातील माशांवरून ब्राऊन यांनी त्याचे वर्णन करून नाव दिले ते १९५१ साली. योगायोग असा की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेही १९५१मध्येच. समुद्री मासे काचेआड ठेवण्याची हौस आणि या परजीवीची ओळख बरोबरीनेच वाढत गेली, हे फारसे नवल नाही. मोकळ्या समुद्रात हा जीव माशांना क्वचितच मारतो. माशापासून सुटलेल्या परजीवीला तिथे पुन्हा मासा सापडणे अवघड असते. टाकीत मात्र मासा पळून जाणार कुठे?

आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या पातळ थराखाली शिरून बसलेला, खाऊन फुगलेला परजीवी. तो तिथे साधारण तीन ते सात दिवस राहतो. कातडीखाली असल्यामुळे पाण्यात टाकलेली बहुतेक औषधे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पोट भरले की तो स्वतःहून मासा सोडतो, बहुधा रात्रीच्या अंधारात. काही तास तळाशी सरपटतो आणि वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. मालकाला ठिपके ‘गेल्याचे’ दिसतात ते या वेळी. कोषाच्या आत तो विभागत राहतो. एका कोषातून २००पर्यंत नवी पिल्ले बाहेर पडू शकतात. कोष फुटायला कधी तीन दिवस लागतात, कधी चार आठवडे. ७२ दिवसांपर्यंत कोष टिकल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरते.

कोषावर औषध चालत नाही, कातडीखालच्या ठिपक्यावर चालत नाही. चालते ते फक्त पोहत्या पिल्लावर, त्या एक-दोन दिवसांच्या खिडकीत. म्हणून उपचार आठवड्याचे असतात, थेंबांचे नसतात.

लसणाची कीर्तीही अशीच वाढलेली आहे. खाद्याला लसणाचा रस चोळून द्या, हा सल्ला जगभर दिला जातो आणि आपल्याकडे तर लसणावर आधीच श्रद्धा. काही मासे खरेच वाचतात. या रोगातून तगलेल्या माशात काही महिने टिकणारी थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, त्यामुळे ते वाचतात. श्रेय लसणाला मिळते. मेलेल्या माशांची नोंद कुणी ठेवत नाही.

गोड्या पाण्याची सवय इथे का नडते?

आपल्या भागात ज्याला माशांचा थोडाफार अनुभव असतो, तो गोड्या पाण्याचा असतो. गोल्डफिश, मोली, गप्पी पाळलेल्या कुणालाही पांढरे ठिपके ओळखीचे वाटतात. तिथे उपाय ठरलेला : पाणी तीस अंशांपर्यंत गरम करा, थोडे जाडे मीठ टाका. तो रोग निराळ्या परजीवीचा. लक्षण तेच, जीव वेगळा. खाऱ्या पाण्यातला हा परजीवी उष्ण समुद्रातलाच असल्यामुळे तीस अंशांवर तो मरत नाही; उलट त्याचे चक्र जोरात फिरते. त्यातून गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि ज्या माशाचे कल्ले परजीवीने आधीच खराब केले आहेत त्याचा श्वास आणखी कोंडतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना बीडच्या घरातली टाकी तशीही आपोआप तीस अंशांवर जाते. हीटर लावायची गरज राहत नाही, ती थंड कशी ठेवायची हा प्रश्न असतो.

शेततळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. बीज सोडण्याआधी ते मिठाच्या किंवा पोटॅशिअम परमँगनेटच्या द्रावणात थोडा वेळ बुडवून काढतात. खाऱ्या पाण्यात हेच उलटे होते. समुद्री माशाला तीन ते पाच मिनिटे गोड्या पाण्यात ठेवले, तापमान आणि पीएच जुळवून, तर अंगाला चिकटलेले चपटे कृमी पांढरे पडून गळून पडतात. गोड्या माशाला मीठ, खाऱ्या माशाला गोडे पाणी. पण कातडीखाली दडलेल्या ठिपक्यांना या डुबकीने काही होत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

जाता जाता एका गैरसमजाबद्दल. ‘आमच्या बोअरचे पाणी खारेच आहे, मीठ कशाला?’ असे कुणी गमतीने म्हणते, कुणी गंभीरपणे. जिभेला चांगलेच खारट लागणाऱ्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम, आणि त्यांचे आपसातले प्रमाण ठरलेले. म्हणून आरओचे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण घालावे लागते. २०० लिटरच्या टाकीला सात किलो. शिवाय आरओ यंत्र जेवढे शुद्ध पाणी देते त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया घालवते. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत हा हिशेब आधी केलेला बरा.

मग उपचार कुठे आणि कसा?

मुख्य टाकीत नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

यासाठी एक वेगळी, रिकामी टाकी लागते. चाळीस ते ऐंशी लिटरची, तळाला वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एक स्पंज फिल्टर, हवेचा पंप, तापमापक. दिसायला ही टाकी भकास असते. ती तशीच हवी, कारण वाळू नसली की कोष दिसतात, पुसता येतात आणि औषध दगडात मुरत नाही.

जगात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे तांबे. आणि तांबे म्हटले की आपल्या डोळ्यासमोर येते मोरचूद. डाळिंब-मोसंबीवाल्यांच्या घरात ते असतेच. इथे थांबून आकडे पाहा. माशाच्या टाकीत तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवायचे असते, तेही दोन ते तीन आठवडे सलग. ऐंशी लिटरच्या टाकीसाठी हे सुमारे ६० मिलिग्रॅम मोरचूद होते. चिमटीत मावेल त्याहूनही कमी. घरच्या काट्यावर ते मोजताच येणार नाही. एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या तुलनेत हे दहा हजारपटींहून जास्त विरळ आहे. थोडे कमी पडले तर परजीवी जगतो, थोडे जास्त झाले तर मासा मरतो. म्हणून तांब्याची चाचणी करणारा संच हाताशी नसेल तर तांब्याला हात लावू नये, आणि शेतीसाठीचे मोरचूद तर अजिबात नको. मुख्य टाकीत ते पडले तर कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल हे सगळे आधी मरतात. उरलेले तांबे चुनखडीच्या दगडात मुरून बसते आणि पुढे पाण्यात हळूहळू सुटत राहते.

बीडसारख्या ठिकाणी मला दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, तो म्हणजे पाण्याचा खारटपणा कमी करणे. वेगळ्या टाकीत दोनेक दिवसांत हळूहळू लिटरमागे ३५ ग्रॅमवरून १५ ग्रॅमच्या आसपास यायचे, तिथे तीन-चार आठवडे थांबायचे आणि मग सावकाश पूर्ववत करायचे. हाडे असलेल्या माशांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतात, त्यामुळे त्यांना हे सोसते. परजीवीला सोसत नाही. औषध लागत नाही, मीठही कमी लागते. फक्त खारटपणा नेमका मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर हवे. तरंगणाऱ्या स्वस्त मापकावर इथे भरवसा ठेवता येत नाही; एक-दोन ग्रॅमची चूकही महिनाभराची मेहनत वाया घालवते.

तिसरा मार्ग, दर तीन दिवसांनी मासा कोरड्या, स्वच्छ टाकीत नव्या पाण्यात हलवायचा, असे चार वेळा. परजीवी खाली पडून कोष करतो तोवर मासा तिथून निघालेला असतो. युक्ती सुंदर आहे, बारा दिवसांत संपते. पण ४० लिटरच्या टाकीला तिने २०० लिटर ताजे खारे पाणी लागते. पावसाळ्यानंतर ठीक.

यादरम्यान मुख्य टाकीत एकही मासा ठेवायचा नाही. प्रवाळ, शिंपले, कोळंबी राहू द्या, परजीवी त्यांच्यावर जगत नाही. कोष फुटतील, पिल्ले मासा शोधतील आणि मरतील. हा उपवास सहा आठवड्यांपासून अकरा आठवड्यांपर्यंत सांगितला जातो. ७२ दिवसांची नोंद पाहता मी लांबच्या बाजूला राहणे पसंत करेन. ‘एक छोटा मासा राहिला तर काय होते?’ तोच एक मासा रोग जिवंत ठेवायला पुरतो.

प्रत्येक ठिपका हाच रोग असतो का?

नाही, आणि खरी गोची इथे आहे. अंगावर रव्याऐवजी पिठासारखी, पिवळसर झाक असलेली बारीक धूळ दिसली, मासा जोरजोरात श्वास घेत पाण्याच्या प्रवाहापाशी उभा राहिला, तर तो अ‍ॅमिलोओडिनियम नावाचा दुसरा परजीवी असू शकतो. तो कल्ल्यांवर आधी बसतो आणि दोन-तीन दिवसांत टाकी साफ करतो. त्याला कमी खारट पाण्याने काही होत नाही. तिथे तांबेच लागते. क्लाऊनफिशच्या अंगावरून साल निघाल्यासारखा चिकट थर सुटू लागला, तर ब्रूक्लिनेला नावाचा तिसरा. त्याच्यावर तांबे फारसे चालत नाही. फॉर्मेलिन वापरतात, जे माणसालाही घातक आहे आणि बंद खोलीत उघडायचे रसायन नव्हे. आणि चपटे कृमी चौथे, त्यांना प्राझिक्वान्टेल.

फोनवर फोटो पाहून यातले कोणते हे सांगणारा दुकानदार अंदाजच करत असतो. त्यातून बहुधा अँटिबायोटिकची पुडी निघते. हे जीव जिवाणू नव्हेत, अँटिबायोटिकने मरत नाहीत. मरतात ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू. मग पाण्यात अमोनिया वाढतो आणि रोगाने अर्धमेला झालेला मासा त्याने पुरता मरतो.

अंदाज टाळायला काय लागते? सूक्ष्मदर्शक. माशाच्या अंगावरचा चिकट थर काचेच्या पट्टीवर अलगद ओढून घेतला, थेंबभर टाकीचेच पाणी टाकले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर हा परजीवी गोल गोल, सावकाश फिरताना दिसतो. त्याचे केंद्रक चार मण्यांच्या माळेसारखे असते. गोड्या पाण्यातल्या भावंडाचे केंद्रक घोड्याच्या नालेसारखे. एवढा फरक प्राणिशास्त्राचा विद्यार्थी ओळखू शकतो. बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शक आहेत. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला तर मत्स्यविज्ञान महाविद्यालयच आहे. शेततळ्यातल्या कटला-रोहूच्या अंगावर ‘माशांच्या उवा’ दिसल्या तरी निदान करून देणारे कुणी जवळ नसते, ही तक्रार हौशी लोकांच्या तक्रारीपेक्षा फार मोठी आहे. आठवड्यातून एक दिवस एखाद्या महाविद्यालयाने माशांच्या नमुन्यांसाठी दार उघडे ठेवले तर दोघांचेही काम होईल. मत्स्यव्यवसायाच्या योजनांत टाक्या, पंप, बीज यांना अनुदान मिळते. निदानाचा विचार मात्र मासे मरायला लागल्यावर होतो.

आधीच टाळता येत नाही का?

येते, आणि त्यासाठी वेगळे ज्ञान लागत नाही. बाजारातून आणलेली शेळी जाणता माणूस त्याच दिवशी कळपात सोडत नाही. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा नवे जनावर गोठ्यात का बांधायचे नाही हे गावागावांत सगळ्यांना समजले. विलगीकरण हा शब्द तर करोनाने पाठच करून घेतला. मग हजारो रुपयांचा मासा पिशवीतून थेट जुन्या माशांत का सोडला जातो? कारण मासा हा जनावर नव्हे, शोभेची वस्तू, असे आपण मनात धरलेले असते.

नवा मासा चार ते सहा आठवडे त्या भकास टाकीत राहिला पाहिजे, तो कितीही तजेलदार दिसो. माझे मत सरळ आहे : दुसऱ्या टाकीला जागा किंवा पैसे नसतील, तर खाऱ्या पाण्याचा मासा आणू नये. गोड्या पाण्यात देखणे मासे कमी नाहीत. ही टाकी दोन-तीन चांगल्या माशांच्या किमतीत होते, म्हणजे पहिल्याच साथीत तिचा खर्च वसूल.

पिशवी उघडण्याबाबतही एक चुकीची रीत रूढ आहे. माशाला नवे पाणी सवयीचे व्हावे म्हणून पिशवीत दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडतात. दहा तास बंद राहिलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तिथला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली, पीएच चढला, की तोच विषारी होतो, आणि मासा त्याच पाण्यात दोन तास. लांबून आलेल्या माशासाठी वेगळ्या टाकीचा खारटपणा आणि तापमान आधीच पिशवीशी जुळवून ठेवावे, आणि पिशवी उघडल्यावर मासा लगेच हलवावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. ते झाडांच्या मुळाशी किंवा बिंदुसरेतही ओतू नये; लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेले पाणी मातीला काय करते, हे मराठवाड्याला सांगायला नको.

आणखी एक निवड दुकानातच करायची असते. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केलेले असतात, समुद्री मासे मात्र अजूनही बहुसंख्य प्रवाळांवरून पकडून आणलेले. पकडताना, साठवताना, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाताना त्यांना परजीवी भेटत जातात. क्लाऊनफिशची पैदास मात्र आपल्याकडे जमलेली आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने तिचे तंत्र कधीच बसवले. आपल्या राज्यात ऐरोलीलाही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने तशी उबवणूक उभी केली आहे. अशा टाकीत जन्मलेला मासा समुद्रातून पकडलेल्यापेक्षा खाद्य लवकर धरतो, आणि त्याच्यासाठी कुठलाही प्रवाळ ओरबाडला जात नाही. समुद्री घोडा आणि जिवंत प्रवाळ कुणी ‘गुपचूप मिळेल’ म्हणून दाखवले, तर ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, हे दुकानदाराला माहीत असते, गिऱ्हाइकालाही असावे.

केंद्राने मे २०१७मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. क्लाऊनफिशसह १५८ प्रजाती त्यांनी विक्रीतून बाद केल्या. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि काही महिन्यांतच नियम मागे घेतले गेले. सरसकट बंदी अव्यवहार्य होती, पैदास केलेला मासा आणि पकडलेला मासा तिने एकाच तराजूत तोलले. पण बंदीबरोबर दुकानांच्या देखरेखीचा विचारही गुंडाळला गेला, हे वाईट झाले. साध्या तीन गोष्टी पावतीवर लिहायला कुणाचीच हरकत नसावी : मासा पैदाशीचा की समुद्रातला, दुकानात कोणत्या तारखेला आला, आणि किती दिवस वेगळा ठेवला. वेगळा ठेवलेला मासा दुकानदाराने शंभर-दोनशे रुपये महाग विकावा. घेणाऱ्याने कुरकुर न करता द्यावेत, आणि घरी आणल्यावर तरीही चार आठवडे वेगळाच ठेवावा.